सखूबाईंची सावड

"सखूबाईंचा कुंडलिक, कुंडलिकाचा हनुमंत आणि हनुमंताची मी, वैष्णवी," असे तिने तिसऱ्यांदा, शक्य तितक्या मोठ्याने सांगितले, तेव्हा कुठे बाळाबाईंनी बांधावर आडवी धरलेली काठी खाली घेतली.

काठी खाली आली. वाट मात्र मोकळी झाली नाही. बांध जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा होता आणि त्याच्या मधोमध बाळाबाई उभ्या होत्या. वय नव्वदीकडे झुकलेले, पाठ अजून ताठ. डोक्यावरून प्लास्टिकचा निळा कागद ओढलेला, काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला. परक्या माणसाने आपल्या खाचराशी येऊन आपल्या घरच्या बाईचे नाव घ्यावे आणि स्वतःचे कूळ मात्र सांगू नये, हे त्यांच्या रीतीत बसणारे नव्हते. वैष्णवीने आल्या आल्या पुण्यातल्या संशोधन संस्थेचे नाव सांगितले होते. संस्था म्हणजे कुणाचे घर नव्हे, एवढे बाळाबाईंना कळत होते.

"खालच्या आळीची सखू?"

"हो. माझी पणजी."

"लेकराला काखंत मारून भोंगवलीला भावाकडं गेली, ती?"

"हो, आजी. आजोबा तिथंच वाढले. आम्ही आता पुण्यात असतो."

बाळाबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळले. त्यांची नजर तिच्या पांढऱ्या बुटांवर थांबली आणि तिथेच राहिली.

"सखूची व्हय," त्या म्हणाल्या. "बरं. काय काम काढलंस?"

"अंबूबाईंना भोरला न्यायचंय. पायाचा फोटो पुन्हा काढायचा आहे. गाडी आणली आहे."

"आज न्हाई."

एवढे बोलून बाळाबाई खाचराकडे वळल्या, जणू विषय संपला. खाचरात गुडघाभर चिखलात बायकांची ओळ वाकली होती. रोपांच्या मुठी डाव्या हातात, उजवा हात चिखलात. ओळ एकेक पाऊल मागे सरकत होती आणि तिच्यापुढे हिरवे टाके पडत जात होते. सगळ्यांच्या डोक्यांवर कागद, सगळ्यांचे चेहरे खाली. त्या वाकलेल्या पाठींतली अंबूबाईंची पाठ कोणती, हे वैष्णवीला ओळखता येईना. गेले तीन आठवडे ती अंबूबाईंचा विचार केल्यावाचून जेवली नव्हती की झोपली नव्हती. पण तिने पाहिला होता तो अंबूबाईंचा घोटा, तोही एक्स-रे फोटोत. चेहरा कधीच पाहिला नव्हता.

तो घोटा माघ महिन्यात ओढ्यावरच्या पायरीवरून घसरून मोडला होता. भोरला हाडांचे डॉक्टर मंदार यांनी तो जोडला आणि जोडताना दोन स्क्रू बसवले. नेहमीचे पोलादी नव्हेत. वैष्णवीच्या प्रयोगशाळेत घडवलेले, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. हाड जुळेपर्यंत त्यांनी त्याला धरून ठेवायचे आणि मग हळूहळू शरीरातच विरघळून जायचे, म्हणजे ते काढण्यासाठी माणसाला पुन्हा कापायला नको. परवानग्या घेऊन, समजावून सांगून, आजवर थोड्याच माणसांच्या पायांत ते बसवले होते. वैष्णवीच्या टेबलावर काचेच्या पात्रात, शरीराइतक्या उबेच्या खारट पाण्यात, तसाच एक स्क्रू वर्षाहून अधिक काळ पडून होता. त्याच्या अंगावरून अजून बारीक बुडबुडे सुटत होते. तो झिजला होता, पण होता.

आणि अंबूबाईंच्या घोट्यात, आषाढाच्या आरंभी काढलेल्या फोटोत, काहीच नव्हते. स्क्रू नव्हते, स्क्रूंची भोके नव्हती, मोडल्याची रेघही नव्हती. हाड असे स्वच्छ, जणू ते कधी मोडलेच नव्हते.

मंदार म्हणाले, यंत्रात दोष असेल. यंत्र तपासले, दोष नव्हता. संस्थेचे संचालक म्हणाले, हा शोध आहे. वेल्ह्याच्या या खोऱ्यातल्या पाण्यात किंवा अन्नात काहीतरी असले पाहिजे आणि येत्या परिषदेत आपण हेच सर्वांत आधी मांडायचे. या स्क्रूंच्या चाचणीवर देखरेख ठेवणारी समिती म्हणाली, धातू एवढ्या वेगाने विरघळत असेल तर बाकीच्या रुग्णांची हाडे जुळण्याआधीच आधार नाहीसा होईल. नव्या शस्त्रक्रिया थांबवा आणि ज्यांच्या पायांत स्क्रू आधीच बसलेत, त्यांना पुन्हा टेबलावर घ्यायचे की नाही ते सांगा. तिघांनाही उत्तर वैष्णवीकडून हवे होते. निकालाखाली सही तिची होणार होती. आणि वैष्णवीचे गणित सांगत होते की असे घडणे शक्यच नाही.

म्हणून ती स्वतः आली होती. जीपच्या मागच्या बाकावर रिकाम्या बाटल्यांचे खोके होते: विहिरीचे पाणी, ओढ्याचे पाणी, हंड्यातले पाणी. चालक पप्पू तेच खोके घेऊन बांधाशी आला.

"ह्या कशाला?" बाळाबाईंनी विचारले.

"पाण्याचे नमुने न्यायचेत."

"पुण्यात पानी न्हाई व्हय?"

ओळीतून हसू उमटले. एकही पाठ वर झाली नाही.

"आजी, दोन-तीन तासांचं काम आहे," वैष्णवी म्हणाली. "संध्याकाळच्या आत अंबूबाईंना परत आणून सोडते."

"बाई, तुला कळंना का? आज सावड आमच्या घरची हाय." बाळाबाईंनी काठीने ओळ दाखवली. "ही वरच्या आळीची, ही म्हसोबापल्याडची, ह्या दोघी खालच्या आळीच्या. काल आमी त्यांच्या खाचरात वाकलो, आज त्या आमच्या. आन दुसऱ्यांनी आमच्या चिखलात राबायचं आणि आमच्या घरची बाई गाडीत बसून भोरला जायची? तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का आमाला?"

"मी एक मजूर लावून देते."

ओळीतली कुणीशी म्हणाली, "सावडीत मजूर म्हंजी जेवायला बोलवून डबा धाडल्यागत झालं, मॅडम." आणि पुन्हा हसू उमटले.

न्याहरीला ओळ वर आली. बायकांनी पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि बांधावर बसून हातावर भाकरी घेतली. वैष्णवीसाठी घरातून कपबशीत चहा आला आणि बसायला खुर्ची आली. सगळ्या जमिनीवर असताना आपण खुर्चीवर बसावे, याचा तिला संकोच वाटला. पण बाळाबाईंनी बोटाने खुर्ची दाखवली, तेव्हा ती मुकाट्याने बसली.

"ही अंबू, थोरली सून. आन ही मंगल, धाकली," बाळाबाई म्हणाल्या.

दोघी जावा. वयात फार अंतर नाही, अंगानेही सारख्याच. दोघी बांधावरून चालत आल्या आणि वैष्णवीने चहाची बशी खाली ठेवली. अंबूबाई उजवा पाय जपून टाकत होत्या. हे तिला कोड्यात टाकायला पुरेसे होते, कारण फोटोतला घोटा धडधाकट होता. पण मागून येणारी मंगलही लंगडत होती.

"काकू, पाय दुखतो का?" तिने अंबूबाईंना विचारले.

"चिखलात धरतो. सांच्याला सुजतो बी. कामाचं हाय, चालायचंच."

"बघू?"

अंबूबाईंनी पाय पुढे केला. आतल्या बाजूला शस्त्रक्रियेचा व्रण सरळ आणि नीट होता. त्याच्या भोवती सूज होती. वैष्णवीने बोटाने हळूच दाबले, तेव्हा अंबूबाईंनी ओठ आवळले. मोबाईलवर तिने तो फोटो काढून पाहिला. पुन्हा पायाकडे पाहिले. ज्या हाडावर मोडल्याची खूणही उरली नाही, ते का सुजावे? तिच्या मनात तीन आठवडे गोल फिरणारे सगळे तर्क आता एकमेकांवर आदळून खाली बसले. पाणी, अन्न, यंत्र, धातू. यांतले काहीही या सुजेशी जुळत नव्हते.

"मागच्या खेपेला हा फोटो काढला, तेव्हा असाच सुजत होता?"

अंबूबाईंनी मंगलकडे पाहिले. मंगलने भाकरीकडे पाहिले.

"मला काय ठावं," अंबूबाई म्हणाल्या. "फोटोला म्या कुठं गेले हुते?"

वैष्णवीला वाटले, आपण काहीतरी चुकीचे ऐकले. "संस्थेची गाडी तुम्हाला घेऊन गेली होती. भोरला."

"गाडी आली हुती," बाळाबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात लपवण्यासारखे काहीच नव्हते; उलट किंचित अभिमान होता. "त्या दिशी अंबूचा वार म्हसोबापल्याड हुता. तिथली लावणी टाकून जाता येत न्हवतं. पर तुमाला बी वार दिला हुता, शब्द दिला हुता. मंग मंगल गेली. दिलेला वार आमच्या घरानं कुणाचा बुडवला न्हाई, तुमचा बी न्हाई."

वैष्णवीने मोबाईलवरचा फोटो पुन्हा उघडला.

"पण तो पाय अंबूबाईंचा हवा होता, आजी."

"हात असू दे न्हाई तर पाय. घरची बाई पाठवली का न्हाई?"

"तिथं नाव विचारलं असेल ना?"

"इचारलं," मंगल खालच्या आवाजात म्हणाली. "घरचं आडनाव सांगितलं, कार्ड दाखवलं. कार्डावर अंबूबाईचं नाव हुतं. त्यांनी वाचलं, म्या व्हय म्हनलं. तिचंच काम हुतं, तिच्याच वाटचं गेले हुते." ती थांबली आणि मग एवढे दिवस दाबून ठेवलेले तिच्या तोंडून बाहेर पडले. "ताई, खरं सांगा. माज्या पायात काय निघालंय? ती पोरं फोटो बगून एकमेकांच्या तोंडाकडं बगत हुती. एकजण म्हनाला, हे कसं शक्य हाय. तवापासून म्या ह्या पायावर भार टाकत न्हाई. घरात कुनाला बोलले न्हाई. म्हनलं, सुगी हुईपर्यंत तरी टिकू दे."

वैष्णवीने तिच्याकडे पाहिले. हसावे की क्षमा मागावी, हे तिला कळेना. ज्या घोट्यावर संचालकांनी भाषणाचे टिपण तयार केले होते, ज्याच्यासाठी समितीने शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या, तो घोटा बांधावर बसून भाकरी खात होता आणि भीतीपोटी लंगडत होता.

"मंगलकाकू, तुमच्या पायात काहीही नाही. तुमचा पाय अगदी चांगला आहे. त्यांना आश्चर्य वाटलं ते त्याचंच."

"चांगल्या पायाचं कसलं आश्चर्य?"

वैष्णवी खुर्चीवरून उठली.

ती थोडी दूर जाऊन मंदारना फोनवर सगळे सांगून आली. ते म्हणाले होते, "म्हणजे तीन आठवडे आपण एका निरोगी बाईच्या निरोगी घोट्याची चिकित्सा करत होतो." आणि लगेच त्यांचा आवाज बदलला होता. "आणि खरा घोटा कुणी पाहिलेलाच नाही. सूज आहे म्हणता? चिखलात उभ्या आहेत? वैष्णवी, त्यांना आत्ताच्या आत्ता पाठवा. स्क्रू झिजले असतील आणि हाड जुळलं नसेल, तर एक वेडंवाकडं पाऊल पुरे आहे."

ती परत आली तेव्हा बायका उठून पदर खोचत होत्या. अंबूबाईही उठल्या होत्या.

"आजी, अंबूबाईंना आत्ताच जायला हवं," ती म्हणाली. "हाड अजून जुळलेलं नसेल. पुन्हा मोडलं तर तो पाय कायमचा अधू होईल."

बाळाबाईंनी सुनेच्या पायाकडे पाहिले. त्यांचा चेहरा बदलला नाही. काठीवरची बोटे मात्र घट्ट झाली. मग त्यांनी ओळीकडे पाहिले. दुसऱ्या घरांतल्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांतल्या कुणीही नको म्हटले नसते. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या बाईला आपल्या घरची एक जागा रिकामी सोडणे किती जड जाते, हे त्या सगळ्या जाणून होत्या.

"त्यांच्या जागी मी उतरते," वैष्णवी म्हणाली.

आता मात्र सगळ्या पाठी ताठ झाल्या.

"तू?"

"हाताला हात, असंच असतं ना?"

बाळाबाई बोलल्या ते वैष्णवीशी बोलल्यासारखे नव्हते.

"सखूचा दादला लावणीच्या दिसांत गेला. घरात ती आन तिचं लेकरू. तिचं खाचर तसंच पडलेलं, रोप वाढून चाललेलं. मंग साऱ्या गावानं सावड केली. म्या तवा नवी नवरी. सासूनं मला धाडलं, म्हनली, जा, आपल्या घरचा हात दे. दिवसभर वाकले. ही अशी सर पडत हुती आन सखू बांधावर बसून रडत बी न्हवती." त्यांनी काठी चिखलात रोवली. "सखूनं सगळ्यांचं फेडलं. एकेका घरी जाऊन, लेकराला बांधावर निजवून. आमचं तेवढं ऱ्हायलं. आमचा वार यायच्या आधी तिचा भाऊ आला आन घेऊन गेला. जाताना दारात आली हुती. म्हनली, बाळे, तुजा हात माज्याकडं ऱ्हायला. पुढच्या साली येती."

"मग आली नाही?"

"भोंगवलीला ज्वारीचं रान. तिकडं लावणी कुठली? आन आली असती तर भावानं धाडली असती का?" त्यांनी वैष्णवीच्या पांढऱ्या बुटांकडे पुन्हा पाहिले. "काढ ती."

अंबूबाई जीपमध्ये बसल्या. बाळाबाईंनी पप्पूला बजावले की खड्ड्यातून गाडी उडवलीस तर उद्या तुझ्या घरी येऊन तुझ्या आईला सांगेन. मार्गासनीच्या दिशेने गाडी वळली, तेव्हा वैष्णवी चिखलात पहिले पाऊल ठेवत होती.

चिखल थंड होता आणि तो पाय सोडत नव्हता. तिला मंगलच्या शेजारी जागा मिळाली. मंगल आता दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी होती आणि मधूनच, जणू खात्री करून घेण्यासाठी, उजवा पाय जोराने रोवत होती. वैष्णवीच्या हातात रोपांची मूठ आली. तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने मुळे चिखलात बसवायची, एक वीत मागे. बघायला सोपे होते. तिने पहिले रोप रोवले आणि ते तिरके होऊन पाण्यावर तरंगले.

"मॅडम, लई जोर नगा लावू," पलीकडून आवाज आला. "रोप हाय, इंजेक्शन न्हवं."

"त्या डॉक्टर न्हाईत गं. धातूच्या हायेत."

"धातूच्या? दिसत न्हाईत."

बाळाबाई बांधावरून सोबत सरकत होत्या. वैष्णवीचा मोबाईल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कमरेला खोचला होता. दुपार होत आली, तेव्हा त्यांनी काठीने एक ओळ दाखवली.

"ही उपट."

"पूर्ण?"

"पुरी. खोल गाडलीस. सखूच्या नावानं लावतीस आन अशी?"

वैष्णवीने ती ओळ उपटली आणि पुन्हा लावली. पाठीचा मणकान् मणका तिला वेगळा जाणवत होता. वाकल्यावाकल्या तिने धातूबद्दल विचार करायचा प्रयत्न केला, पण विचार चिखलासारखे हातातून निसटत होते. उपचाराचा परिणाम, पाण्यातले क्षार, या खोऱ्याचे रहस्य. तीन आठवडे ती ज्या प्रश्नाशी झगडत होती, तो प्रश्नच नव्हता. आणि जो प्रश्न होता, तो सकाळी याच जागेवर उभा राहून भात लावत होता. आता तो भोरच्या वाटेवर होता आणि त्याच्या जागेवर ती होती.

"ते इरघळनारं जे हाय," बाळाबाईंनी बांधावरून विचारले, "ते इरघळल्यावर हाड कुणाच्या जिवावर ऱ्हातं?"

"स्वतःच्या, आजी. तोवर जुळलेलं असतं."

"आन मंग त्यो स्क्रू?"

"तो उरत नाही. उरूच नये, यासाठीच केलाय."

पुढची दोन-तीन पावले बाळाबाईंची काठी चिखलाला टेकली नाही.

फोन वाजला तेव्हा वैष्णवी ओळीच्या मध्यावर होती. ती उभी राहिली.

"ओळ पुरी कर," बाळाबाई म्हणाल्या.

"आजी, भोरहून असेल."

"भोर काय पळून चाललंय? ओळ अर्धी टाकली तर शेजारनीनं काय करायचं?"

पिशवीत फोन वाजत राहिला आणि थांबला. वैष्णवी वाकली. उरलेली रोपे तिने लावली, त्यांतले एकही तरंगले नाही, आणि मग बांधावर चढून चिखलाच्या हाताने तिने मंदारना फोन केला.

"दोन्ही स्क्रू आहेत," मंदार म्हणाले. "झिजलेत, कडा धूसर झाल्यात, भोवती थोडे बुडबुडे दिसतात. हाड बरंचसं जुळलंय. एका बाजूला अजून फट आहे. धरून ठेवलंय ते त्या स्क्रूंनीच. आणखी काही दिवस चिखलात राहिल्या असत्या, तर मात्र सांगता येत नाही. चिखलातलं काम बंद. पट्टा बांधून पाठवतो."

"म्हणजे पात्रातल्या स्क्रूप्रमाणेच?"

"जवळजवळ तसंच. अगदी साधा निकाल आहे, वैष्णवी. परिषदेत कुणी मान वर करून पाहणार नाही असा."

"समितीला मी आजच कळवते. संचालकांनाही."

"ते नाराज होतील."

"होऊ द्या," ती म्हणाली आणि आपण हे इतक्या सहज कसे म्हटले, याचे तिलाच नवल वाटले. बाकीच्या रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागणार नव्हते. आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठेतरी होताही; पण ज्या रहस्याने तिची झोप घालवली होती, ते गेल्याची रुखरुखही त्याच्या शेजारीच बसली होती. दोहोंतले खरे कोणते, हे तिला सांगता आले नसते.

जीप परतली तेव्हा खाचराचा शेवटचा कोपरा उरला होता. अंबूबाई पट्टा बांधलेला पाय जपत उतरल्या आणि बांधाकडे येऊ लागल्या. बाळाबाईंनी दुरूनच काठी वर केली.

"तिथंच. दिवाळीपत्तुर तुजा पाय चिखलाला लागला तर माज्याशी गाठ हाय."

"आत्याबाई, कापणी?"

"कापणीला मंगलचे दोन पाय हायेत. चांगले हायेत म्हनं. पुण्याहून सांगावा आलाय."

मंगल मोठ्याने हसली. इतके दिवस दाबलेले ते हसू होते. ते लवकर थांबेना.

ओळ वर आली. हातपाय धुऊन सगळ्या बांधावर बसल्या. वैष्णवीने सकाळची खुर्ची शोधली. ती कुणीतरी घरात नेऊन ठेवली होती. ती दोन बायकांच्या मध्ये जमिनीवर बसली. बाळाबाई एकेकीपुढे येत होत्या आणि प्रत्येकीच्या तळहातावर भाकरी, भाकरीवर ठेचा आणि सुकटीची चटणी ठेवत होत्या. तिच्यापुढे आल्या तेव्हा तिनेही हात पुढे केला. नखांत चिखल होता. बाळाबाईंनी तिच्या हातावर तशीच, तेवढीच भाकरी ठेवली आणि पुढे गेल्या.

निघताना तिने बूट हातात घेतले होते. पाण्याच्या बाटल्यांचे खोके रिकामेच परत चालले होते. बाळाबाई सकाळच्याच जागी, बांधाच्या मधोमध उभ्या होत्या.

"पुढच्या वर्षी लावणीला येईन, आजी," ती म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होते.

"कशापायी?" बाळाबाईंनी शांतपणे विचारले. "आता तुजं आमच्याकडं काय न्हाई, आन आमचं तुज्याकडं काय न्हाई."

सकाळी तीन पिढ्या सांगितल्यावाचून जिला वाट मिळाली नव्हती, ती आता नुसती उभी राहिली. बाळाबाईंनी खाचराच्या त्या कोपऱ्याकडे पाहिले, जिथे वैष्णवीच्या ओळी इतरांच्या ओळींपेक्षा जराशा वाकड्या, पण सगळ्या उभ्या होत्या. बराच वेळ पाहिले. मग काठी टेकत त्या स्वतः बांधावरून खाली, चिखलात उतरल्या आणि पाहुणीला द्यावी तशी त्यांनी तिला वाट दिली.

"जा," त्या म्हणाल्या. "सखूचं फिटलं."